शोधनिबंधाचा उपोद्घात

या सदरांत आजवर पत्र कसें लिहावें, सभेचा वृत्तांत कसा असावा, मृत्युलेखांत काय सांगावें व काय गाळावें, अशा घरगुती लेखनाचा विचार होत आला आहे. शास्त्रीय शोधनिबंधाची प्रस्तावना हा विषय त्या पंक्तीस कसा येऊन बसला, असा प्रश्न वाचकांच्या मनांत सहजच येईल. उत्तर इतकेंच कीं, हा विषय आतां घरांतलाच झाला आहे. आपल्या ओळखीच्या कितीतरी कुटुंबांत कोणी मुलगा, मुलगी, सून अथवा जांवई पीएच.डी.च्या उद्योगांत गुंतलेला आढळतो. आणि पूर्वीं फराळाच्या ताटाशेजारीं ‘स्थळ अडलें आहे’ हें वाक्य जितक्या वेळां कानीं पडे, तितक्या वेळां हल्लीं ‘पेपर अडला आहे’ हें पडतें.

यंदा दिवाळीस माझी भाची आली, ती असाच एक अडलेला निबंध पिशवींत घालून. विदर्भांतील एका महाविद्यालयांत ती रसायनशास्त्रांत संशोधन करिते. ‘मामा, इंग्रजी तेवढं बघून द्या,’ एवढीच तिची मागणी होती. रसायनशास्त्रांतलें मला चहांत साखर विरघळते यापलीकडे फारसें कळत नाहीं. परंतु आयुष्य इंग्रजी शिकविण्यांत गेलें असल्यामुळें कागद हातीं घेतले. इंग्रजीस नांव ठेवण्यासारखें कांहीं नव्हतें. तथापि प्रस्तावनेचीं तीन पानें वाचून संपलीं, तेव्हां या मुलीनें नेमकें काय केलें आहे याचा मला पत्ता लागला नव्हता.

पहिलें वाक्य, पाणी ही सजीवांची मूलभूत गरज आहे. दुसरें, पृथ्वीचा बहुतेक पृष्ठभाग पाण्यानें व्यापलेला असला तरी पिण्याजोगें पाणी थोडें. तिसऱ्यांत लोकसंख्या, चौथ्यांत कारखानदारी. पांचव्यापाशीं कोठें फ्लोराइडाचें नांव आलें. त्यापुढें दीड पानभर, अमक्यानें केळीच्या सालींचा कोळसा वापरला, तमक्यानें नारळाच्या करवंटीचा, तिसऱ्यानें विटांचा चुरा, अशी सतरा संशोधकांची नामावळी; लग्नपत्रिकेच्या तळाशीं निमंत्रकांची असते तशी, म्हणजे कोणी रुसूं नये एवढ्यासाठींच दिलेली. आणि सर्वांच्या शेवटीं, प्रस्तुत निबंधांत पाण्यांतील फ्लोराइड काढून टाकण्याचा अभ्यास केला आहे.

‘इंग्रजी ठीक आहे,’ मी म्हणालों, ‘पण तूं काय केलंस तें मला कळलं नाहीं.’

‘अहो मामा, तें पुढच्या भागांत आहे. प्रस्तावनेंत सगळे असंच लिहितात.’

माझी बहीण आंत करंज्या भरीत बसली होती. तिच्या कानावर हें पडलें असावें. कारण तिनें तेथूनच विचारिलें, ‘अगं, दोन वर्षं त्या प्रयोगशाळेंत तूं करत काय होतीस, तें मला एकदां नीट सांग बघूं. हळदीकुंकवाला बायका विचारतात, आणि मला कांहीं सांगतां येत नाहीं.’

भाचीनें सांगितलें तें असें: ‘आई, यवतमाळकडे कांहीं गांवांत विहिरींच्या आणि बोअरच्या पाण्यांत फ्लोराइड जास्त आहे. मुलांच्या दातांवर डाग पडतात. वर्षानुवर्षं तेंच पाणी पोटांत गेलं तर हाडं ताठरतात, माणूस वांकतो. तें फ्लोराइड शोषून घेणारे पदार्थ पुष्कळ निघालेत. पण बहुतेकांनीं ते तपासलेत ऊर्ध्वपातित पाण्यांत फ्लोराइडचा क्षार घालून. खऱ्या विहिरीच्या पाण्यांत बायकार्बोनेटही असतं, आणि जिथं फ्लोराइड जास्त तिथं तेंही बहुधा जास्तच. तें मध्यें येतं, मग पदार्थ कमी काम देतो. आम्हीं गांवांतलं पाणी आणून तेच पदार्थ त्यांत घालून पाहिले. किती कमी पडतात, आणि कां.’

‘असं होय! मग हें लिहायचं सोडून पृथ्वीवर पाणी किती, हें कशाला?’ बहीण म्हणाली, आणि पुन्हां करंज्यांकडे वळली.

मला सांगावयाचें होतें तें तिनें सांगून टाकलें होतें. भाचीनें आईस दिलेलें उत्तर हीच तिची प्रस्तावना होती. फक्त ती तिला मराठींत व स्वयंपाकघराच्या दारांत सुचली होती, म्हणून तिला तिची किंमत वाटेना.

त्या उत्तराची जडणघडण पाहावी. आरंभीं एक ठिकाण व एक पीडा आहे. मग, त्या पीडेवर इतरांनीं काय केलें हें आहे. मग एक ‘पण’ आहे. आणि त्या ‘पण’च्या मागोमाग आपण काय केलें तें आहे. जॉन स्वेल्स नांवाच्या इंग्रज भाषाभ्यासकानें निरनिराळ्या शास्त्रांतील निबंधांच्या प्रस्तावना घेऊन त्यांचें शवविच्छेदन करावें तसें परीक्षण १९८१ सालीं प्रसिद्ध केलें, व १९९० मधील आपल्या ग्रंथांत त्यांतून तीन पावलें काढून दाखविलीं. आपल्या शेतकी भाषेंत तीं अशीं सांगतां येतील: प्रथम मुलूख दाखवावयाचा, मग त्या मुलखांतील पडीक तुकडा दाखवावयाचा, आणि मग तो तुकडा आपण वहिवाटीस घेतल्याचें सांगावयाचें. स्वेल्स यांनीं हा कांहीं कायदा केलेला नाहीं. चांगले लेखक नकळत काय करितात तें त्यांनीं नोंदविलें. आपल्याकडे मात्र पहिल्या पावलावरच दोन पानें खर्च होतात, दुसरें पाऊल ‘या विषयावर फारसें काम झालेलें नाहीं’ एवढ्या शब्दांत उरकलें जातें, आणि तिसरें निबंधाच्या मथळ्याचीच पुनरुक्ति असते. वास्तविक प्रस्तावनेचा सगळा जीव दुसऱ्या पावलांत, त्या ‘पण’मध्यें आहे.

शोधनिबंधास प्रस्तावना नांवाचा वेगळा खण असावा, ही रूढि फार जुनी नाहीं. १६६५ सालीं लंडनमध्यें हेन्री ओल्डेनबर्ग यांनीं ‘फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स’ काढलें, तेव्हां त्यांत येत तीं बव्हंशीं पत्रें असत. मीं अमुक पाहिलें, तें आपणांस कळवितों, असा त्यांचा थाट. प्रस्तावना, पद्धति, निष्पत्ति व चर्चा ही चौकट चार प्रमुख वैद्यकीय नियतकालिकांत १९४० नंतरच्या दशकांत शिरली व १९८० नंतरच्या दशकांत एकमेव ठरली, असें २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत दिसून आलें. म्हणजे कित्येक थोर शोध या चौकटीविनाच जगापुढें आले. पण चौकट नसली तरी तो ‘पण’ त्यांतही सांपडतो. याचें माझ्या आवडीचें उदाहरण मुंबई बंदरांतलें आहे.

चंद्रशेखर वेंकट रामन् हे त्या वेळीं कलकत्ता विद्यापीठांत पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. १९२१ सालीं विद्यापीठांच्या एका परिषदेकरितां ते इंग्लंडास गेले व ‘नरकुंडा’ बोटीनें परत आले. वाटेंत भूमध्य समुद्राची निळाई पाहून त्यांच्या मनानें घेतलें, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांतही असते. पुस्तकांत सहसा नसतें तें हें कीं, त्यांनीं ‘नेचर’ नियतकालिकास जें छोटें टिपण पाठविलें, त्याच्या खालीं स्थळ म्हणून मुंबई बंदरांतील ‘नरकुंडा’ बोटीचें नांव व २६ सप्टेंबर ही तारीख आहे. किनाऱ्यास लागतांच लिखाण रवाना झालें, आणि १७ नोव्हेंबर १९२१ च्या अंकांत तें छापून आलें.

या टिपणाची प्रस्तावना दोन वाक्यांची आहे. पहिल्यांत ते सांगतात कीं, खोल समुद्राच्या निळ्या रंगाशीं पाण्याचा कांहीं संबंध नसून तें केवळ आकाशाच्या निळाईचें प्रतिबिंब होय, असें मत मांडलें गेलेलें आहे. तें मत दिवंगत लॉर्ड रॅले यांचें. आणि तें कोणत्या खंडांत, कोणत्या पानावर आहे, याचा निर्देश तेथल्या तेथें आहे. दुसऱ्या वाक्यांत ते म्हणतात कीं, हें मत शंकास्पद असल्याचें एका सोप्या निरीक्षणानें दिसतें. पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश त्यांत वगळला जातो व बाकी सर्व गोष्टी होत्या तशाच राहतात. संपली प्रस्तावना. समुद्र अनादि काळापासून मानवास मोहवीत आला आहे, असा शब्द नाहीं. पृथ्वीवर समुद्र किती, हेंही नाहीं.

तें निरीक्षणही सांगण्याजोगें आहे. पाण्यावरून एका विशिष्ट कोनांत, लंबाशीं सुमारें ५३ अंशांचा कोन करून, परावर्तित होणारा प्रकाश ध्रुवीभूत असतो. म्हणजे त्याचीं कंपनें एकाच दिशेंत बांधलेलीं असतात. निकोलचा लोलक म्हणून कॅल्साइट स्फटिकाचें एक लहानसें उपकरण असतें. तें डोळ्यासमोर धरून योग्य रीतीनें फिरविलें कीं हा परावर्तित प्रकाश अडतो. रामन् यांनीं बोटीच्या कठड्याशीं उभें राहून आकाशाचें प्रतिबिंब असें पुसून टाकिलें. रॅलेसाहेबांचें मत खरें असतें तर त्याबरोबर निळाईही पुसली जावयास हवी होती. ती गेली नाहीं. उलट अधिकच खुलून दिसली.

त्या दोन वाक्यांतील सभ्यता पाहण्यासारखी आहे. रॅले हे त्या शास्त्रांतले महर्षि. आकाश निळें कां, याचा उलगडा त्यांनींच केलेला. रामन् त्यांचें मत खोडूं निघाले आहेत, तरी तें त्यांनीं गुळमुळीत करून सांगितलें नाहीं किंवा विपर्यस्त करूनही सांगितलें नाहीं. ज्याचें खंडन करावयाचें त्याचें म्हणणें त्याच्याच तोंडून पुरतें वदवून घ्यावयाचें, ही आपल्या शास्त्रग्रंथांतील पूर्वपक्षाची जुनी रीत. तीच येथें दिसते. पुढें १९२२ सालीं रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तांत त्यांनीं या विषयावर विस्तृत निबंध लिहिला, तेव्हां पाण्याचे रेणू प्रकाश कसा विखुरतात याचा जो विचार केला, त्याची वाट रॅले यांनींच आकाशाच्या बाबतींत घालून दिलेली होती. आज आपण समुद्राच्या निळाईचें श्रेय पाणी तांबडा प्रकाश शोषून घेतें यास व रेणूंच्या विखुरण्यास, अशा दोहोंस देतों. बोटीच्या कठड्याशीं सुरू झालेला तो विचार १९२८ च्या फेब्रुवारींत कोठें जाऊन पोंचला, आणि १९३० सालीं त्यास नोबेल पारितोषिक कसें मिळालें, हें वाचकांस ठाऊकच आहे.

भाचीस ही कथा आवडली. पण तिनें लगेच विचारिलें, ‘मामा, त्यांना एकाचंच मत सांगायचं होतं. मला सतरा जणांचं सांगायचं आहे. मग यादी नको तर काय करूं?’

प्रश्न रास्त होता, आणि त्याच्या उत्तरांतच या लेखाचें खरें दुखणें आहे. प्रस्तावनेंत आपण दुसऱ्याचीं नांवें घेतों, तीं शोभेसाठीं घेत नाहीं. तें ऋण आहे. आणि ऋण म्हटलें कीं कोणाकडून, किती व कोणत्या अटीवर, हें लिहावें लागतें. तें न लिहितां नुसतेंच नांव टांकल्यानें काय होऊं शकतें, याचें एक उदाहरण वैद्यकांत घडलेलें आहे, आणि तें ऐकून अंगावर कांटा येतो.

१९८० च्या जानेवारींत ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या अमेरिकन नियतकालिकांत पांच वाक्यांचें एक पत्र प्रसिद्ध झालें. लेखकांनीं रुग्णालयांत दाखल झालेल्या रोग्यांच्या नोंदी पाहिल्या होत्या. अफूवर्गीय वेदनाशामक औषध निदान एकदां तरी दिलेले ११,८८२ रोगी त्यांत निघाले. आणि पूर्वीं व्यसन नसतां ज्यांस नव्यानें व्यसन लागल्याची नीट नोंद आहे, असे फक्त ४. यावरून त्यांनीं व्यसनाधीनता विरळा असल्याचें लिहिलें. पत्रांत खोटें असें कांहीं नव्हतें. मात्र तें रुग्णालयाच्या खाटेवरील, परिचारिकेच्या हातून औषध घेणाऱ्या रोग्यांविषयीं होतें. महिनोन्महिने घरीं गोळ्या घेणाऱ्यांविषयीं त्यांत अवाक्षर नव्हतें.

पुढें या पत्राचें काय झालें तें कॅनडांतील कांहीं संशोधकांनीं मोजलें व २०१७ सालीं त्याच नियतकालिकांत छापलें. पत्राचा उल्लेख ६०८ लेखनांत आला होता. त्यांपैकीं ४३९ जणांनीं, म्हणजे शेंकडा ७२ हून अधिक लेखकांनीं, अशा औषधांनीं व्यसन क्वचितच लागतें याचा पुरावा म्हणून तें पुढें केलें; आणि ४९१ जणांनीं, म्हणजे शेंकडा ८० हून अधिकांनीं, तें केवळ रुग्णालयांतील रोग्यांविषयीं आहे, हें सांगितलेंच नाहीं. ऑक्सिकॉन्टिन हें औषध बाजारांत आल्यानंतर तर हे उल्लेख विशेष वाढले. त्यानंतरच्या वर्षांत उत्तर अमेरिकेंत या वर्गाच्या औषधांपायीं किती घरें उद्ध्वस्त झालीं, हें वृत्तपत्रें वाचणाऱ्यांस सांगावयास नको. तें सर्व या एका पत्रानें केलें असें कोणी म्हणत नाहीं. औषध विकणारांचा त्यांत मोठा वांटा होता. परंतु ‘व्यसन क्वचितच लागतें’ हें वाक्य डॉक्टरांच्या मनांत जें पक्कें बसलें, तें असल्याच उल्लेखांच्या आधारानें. एकानें दुसऱ्याचें वाचून, दुसऱ्यानें तिसऱ्याचें वाचून आंकडा उतरविला. मूळ पांच वाक्यें उघडून पाहावयास पांच मिनिटें पुरलीं असतीं. शेवटीं २०१७ मध्यें त्या नियतकालिकानें जुन्या पत्रावर एक इशारा जोडला कीं, या पत्राचा आधार फार ठिकाणीं व न तपासतां घेतला गेला आहे.

हें सांगितल्यावर भाची कांहीं वेळ बोलली नाहीं. मग तिनें कबूल केलें कीं, सतरांपैकीं सहा निबंध तिनें पुरते वाचले होते. उरलेल्यांचा गोषवारा पाहिला होता. आणि दोघांचे आंकडे तर दुसऱ्याच कोणाच्या प्रस्तावनेंतून उचलले होते. तिला दोष देण्यास मी धजलों नाहीं. आमच्या पिढीनेंही पुस्तकें न वाचतां त्यांवर परीक्षणें लिहिलीं आहेत.

ऋणाच्या हिशेबाचें दुसरें एक उदाहरण अधिक प्रसिद्ध, पण अधिक अवघडही आहे. २५ एप्रिल १९५३ च्या ‘नेचर’मध्यें वॉटसन व क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरील लेख आला. शतकांतील मोठ्या शोधांपैकीं हा एक, आणि जागा जेमतेम पानभर. पहिल्याच वाक्यांत ते अमुक रेणूची रचना सुचवूं इच्छितों असें सांगतात. लगेच पॉलिंग व कोरी यांनीं सुचविलेली तीन साखळ्यांची रचना घेतात, त्यांनीं आपलें हस्तलिखित आधीं पाहावयास दिल्याचा निर्देश करितात, आणि ती रचना कां पटत नाहीं याचीं दोन कारणें देतात. ‘पण’ कसा लिहावा याचा हा उत्तम नमुना आहे. परंतु किंग्ज कॉलेजांतील रोझलिंड फ्रँकलिन यांच्या कामाचा लाभ त्यांस झाला होता; त्यांच्या देखरेखीखालीं घेतलेलें क्ष-किरणांचें एक छायाचित्र वॉटसन यांस फ्रँकलिनबाईंच्या नकळत दाखविलें गेलें होतें. तें ऋण प्रस्तावनेंत आलें नाहीं. लेखाच्या अगदीं शेवटीं, विल्किन्स, फ्रँकलिन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अप्रकाशित कामाच्या सामान्य स्वरूपाच्या माहितीनें चालना मिळाली, अशा मोघम शब्दांत आलें. फ्रँकलिनबाई १९५८ सालीं वारल्या, नोबेल पारितोषिक १९६२ सालीं दिलें गेलें, आणि त्या मोघम शब्दांवरचा वाद अद्याप चालू आहे. पॉलिंग यांचें ऋण बिनचूक मांडणाऱ्या लेखकांकडून हें व्हावें, याचें मला अधिक वाईट वाटतें.

आतां लिहिण्याच्या क्रमाविषयीं. प्रस्तावना आरंभीं असते म्हणून ती आरंभींच लिहिली पाहिजे, असें नाहीं. निष्पत्ति कागदावर उतरल्यावर आपला प्रश्न आपणांसच अधिक स्पष्ट कळतो. तेव्हां प्रस्तावना शेवटीं नव्यानें लिहावी, हें बरें. पण यांत एक निसरडी जागा आहे. पीटर मेडावार या नोबेल पारितोषिक मिळविलेल्या जीवशास्त्रज्ञांनीं १९६३ सालीं ब्रिटिश नभोवाणीवर शास्त्रीय निबंध ही एक फसवणूक आहे काय, असा प्रश्न करून भाषण दिलें होतें. त्यांची तक्रार अशी कीं, निबंध वाचून वाटतें, लेखकानें कोऱ्या मनानें माहिती गोळा केली व मग तींतून निष्कर्ष आपोआप निघाला. प्रत्यक्षांत मनांत आधीं कांहीं तर्क असतो, आणि त्याच्या ओढीनें प्रयोग होतात. तेव्हां चर्चेचा भाग खरें तर आरंभीं यावा, असें त्यांनीं सुचविलें. याच्या उलट लबाडीही आहे. प्रयोग एका हेतूनें करावयाचा, निघावयाचें भलतेंच, आणि मग प्रस्तावनेंत आमचा तर्क पहिल्यापासून हाच होता असें दाखवावयाचें. नॉर्बर्ट कर या मानसशास्त्रज्ञांनीं १९९८ सालीं या खोडीस एक स्वतंत्र नांवच दिलें. बाण लागला त्याभोंवतीं मागाहून वर्तुळ काढणाऱ्या धनुर्धराची गोष्ट ती हीच. अनपेक्षित कांहीं निघालें असेल तर तें अनपेक्षित निघालें असें लिहावें. त्यांत कमीपणा कसला?

लांबीविषयीं फार बोलण्याचें कारण नाहीं. वाचक कोण, यावर ती ठरते. पाणीशुद्धीच्या मासिकाच्या वाचकांस पाणी आवश्यक आहे हें सांगणें म्हणजे वैद्याच्या घरीं हिरड्याची पुडी पाठविणें. हल्लीं २०२२ नंतर संगणकाकडून क्षणांत प्रस्तावना लिहून घेण्याची सोय झाली आहे, तिचाही मोह तरुणांस पडतो. तीं वाक्यें गुळगुळीत असतात, परंतु हीं यंत्रें कधीं अस्तित्वांतच नसलेल्या निबंधांचीं नांवें, लेखक व पृष्ठांकासह, निःशंकपणें देतात, हें आतां पुरतें सिद्ध झालें आहे. न वाचलेल्याचें ऋण घेणें वाईट. जो सावकारच नाहीं त्याच्या नांवाचें खत करणें त्याहून वाईट.

दिवाळीची सुटी संपेपर्यंत भाचीनें उरलेले अकरा निबंध मिळवून वाचले. त्यांत तिला दोन गोष्टी सांपडल्या. एक, दुसऱ्याच्या प्रस्तावनेंतून उचललेला एक आंकडा मुळांत आम्लधर्मी पाण्यांतला होता. विहिरीच्या पाण्याशीं त्याचा संबंध नव्हता. दुसरी गोष्ट जिव्हारीं लागणारी होती. चार जणांनीं खऱ्या विहिरीचें पाणी आधींच वापरलें होतें. म्हणजे तिचा ‘बहुतेकांनीं’ हा शब्द टिकला, पण तिनें मनांतल्या मनांत धरलेला ‘कोणींच नाहीं’ गेला. संध्याकाळभर ती तोंड पाडून बसली होती. मग तिच्याच लक्षांत आलें कीं, त्या चौघांनीं पदार्थ कमी काम देतो एवढें नोंदविलें आहे. बायकार्बोनेटाचें प्रमाण पायरीपायरीनें बदलून कारण कोणीं शोधलेलें नाहीं, आणि तिनें तें केलें होतें. पडीक तुकडा लहान झाला, पण त्याच्या चतुःसीमा आतां तिला ठाऊक झाल्या.

नवी प्रस्तावना सव्वा पानाची झाली. ती आतां यवतमाळ जिल्ह्यांतील एका गांवाच्या विहिरीपासून सुरू होते. त्या पाण्यांतील फ्लोराइडाचा आंकडा आणि त्याशेजारीं लिटरमागें १ मिलिग्रॅम ही भारतीय मानकाची इष्ट मर्यादा व दुसरें पाणी नसेल तर चालणारी १.५ ची मर्यादा. आपल्या देशांतील या रोगाची माहिती तिनें आधीं २०१४ सालच्या एका निबंधाच्या नांवावर घातली होती. तेथें आतां १९३७ सालीं नेल्लोर जिल्ह्यांतील या रोगाविषयीं लिहिणारे शॉर्ट, पंडित व राघवाचारी आले आहेत. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनें बसविलेली तुरटी व चुन्याची नलगोंडा पद्धति एका वाक्यांत आहे. यादींतील सतरांपैकीं नऊ नांवें उरलीं. प्रत्येकापुढें त्यानें कोणतें पाणी वापरलें तें लिहिलें आहे. त्या चौघांचा परामर्श वेगळ्या परिच्छेदांत आहे, आणि त्याच्या शेवटीं ‘पण’ आहे.

तिच्या मार्गदर्शकांस मसुदा पाठविला, तेव्हां त्यांनीं बाकी सर्व पसंत करून एवढेंच लिहिलें कीं, आरंभीं पाण्याचें महत्त्व सांगणारें एक वाक्य असावें, तसा प्रघात आहे. भाचीनें फोनवर मला विचारिलें, काय करूं? मीं म्हटलें, गुरूंचा मान राखावा. पण त्यांस एकदां विचारून पाहावें कीं, तें वाक्य कोणाच्या माहितीसाठीं घालावयाचें. पांच दिवसांनीं त्यांचें उत्तर आलें कीं, राहूं द्या. निबंध गेल्या महिन्यांत रवाना झाला असून परीक्षकांचें मत अजून यावयाचें आहे. बहिणीनें मात्र नवी प्रस्तावना मुलीकडून मराठींत सांगवून घेतली आहे, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवास ती तिच्या उपयोगी पडली, असें ऐकतों.